बैरूतचं उपवासाचं जेवण

बैरूतमध्ये शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, हे तिथे जाऊन आलेला कुणीही सांगेल. टेबलाशी बसलं की हुमूस येतं, भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल येतं, तबूले आणि फत्तूश येतं, सलगमचं गुलाबी लोणचं येतं, सोबत फुगलेल्या गरम रोट्या येतात. पण हॉटेलात हे सगळं मांडलं जातं ते पुढे येणाऱ्या मांसासाठी. निखाऱ्यावरचे कबाब येईपर्यंतची ती सोय असते. शाकाहारी माणूस या पहिल्या फेरीवरच पोट भरतो आणि लेबनॉनचं शाकाहारी जेवण जेवलो म्हणून परततो. प्रत्यक्षात त्या देशाचं भाज्यांचं आणि कडधान्यांचं खरं जेवण हॉटेलांच्या मेनूवर फारसं कधी आलंच नाही. ते घरच्या चुलीवर राहिलं, डोंगरातल्या गावांत राहिलं आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत राहिलं. पाहुण्याला बाहेर न्यायचं तर मसूर-भात कसा खाऊ घालणार, हा तिथल्या यजमानाचा संकोच. बैरूतच्या जम्मेझे भागात नवंच निघालेलं एक छोटं शाकाहारी रेस्टॉरंट हा संकोच मोडू पाहतं आहे. तिथे जे जेवलो आणि जे पाहिलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी धाकटी बहीण दुबईत नोकरी करते. दुबईतल्या मराठी माणसाला लेबनीज जेवणाचं अप्रूप उरलेलं नाही, गल्लोगल्ली ते मिळतं. पण तिच्या ऑफिसातल्या लेबनीज मैत्रिणी उपवासाच्या दिवसांत घरून जो डबा आणतात, त्यातलं काहीच या हॉटेलांत दिसत नाही, असं ती मला बरीच वर्षं सांगत होती. ‘दादा, हिरव्यागार पाल्याची भाजी असते, वर कुरकुरीत कांदा, आणि त्या ती थंडच खातात. एकदा मूळ गावी जाऊन खाऊ या.’ या मैत्रिणींकडूनच तिला नव्या जागेचा पत्ता मिळाला.

मार्च २०२५चा पहिला पंधरवडा आम्ही ठरवून निवडला. त्या वर्षी रमजान १ मार्चला सुरू झाला आणि मॅरोनाइट ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास ३ मार्चला. शिवाय पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या चर्चचा ईस्टर, जो बहुतेक वर्षी वेगवेगळ्या रविवारी येतो, तो त्या वर्षी एकाच दिवशी, २० एप्रिलला होता. म्हणजे १८ धर्मपंथांना कायद्याने मान्यता असलेल्या या देशातले मोठे पंथ एकाच महिन्यात उपवास धरून होते. खाण्याचा अभ्यास करायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे बैरूत गाठता येतं. पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर लेबनॉनमध्ये प्रवेश मिळत नाही, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस युद्धविराम झाला होता, तरी दक्षिणेतून हल्ल्यांच्या बातम्या येतच होत्या. त्यामुळे आम्ही शहर सोडून दक्षिणेकडे फिरकलो नाही. जाणाऱ्याने आपल्या दूतावासाच्या सूचना वाचूनच बेत आखावा.

जम्मेझेचा मुख्य रस्ता म्हणजे ग़ूरो स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुनी घरं, प्रत्येकाच्या दर्शनी भागात शेजारी शेजारी तीन कमानी असलेल्या उंच खिडक्या, लोखंडी नक्षीचे सज्जे. मधूनच सेंट निकोलसचा लांबलचक जिना टेकडीवरच्या सुरसोक वस्तीकडे चढत जातो. बंदर इथून इतकं जवळ आहे की ४ ऑगस्ट २०२०ला तिथल्या गोदामात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला तेव्हा या भागातलं एकही दार-खिडकी धड राहिली नाही. त्या स्फोटात दोनशेहून जास्त माणसं गेली. अजूनही काही इमारती टेकू लावून उभ्या आहेत, आणि त्यांना लागूनच नवा रंग दिलेली कॉफीची दुकानं. आमचं रेस्टॉरंट अशाच एका दुरुस्त केलेल्या घराच्या तळमजल्यावर आहे. जमिनीवरच्या नक्षीदार फरश्या जुन्या, तडे गेलेल्या तशाच ठेवलेल्या, काचा मात्र सगळ्या नव्या.

आत आठ-दहा टेबलं. भिंतीतल्या फडताळांवर बरण्यांच्या रांगा: तेलात बुडवलेली अक्रोड भरलेली छोटी वांगी, वाळवलेला झातर हा सुगंधी पाला, सुमाक ही आंबट पूड, डाळिंबाचा आटवलेला काळपट रस, मिठाच्या पाण्यातली द्राक्षवेलीची पानं. उन्हाळ्यात करून ठेवायचं आणि डोंगरातला बर्फाळ हिवाळा त्यावर काढायचा, ही लेबनॉनच्या गावांची साठवणीची जुनी पद्धत आहे. छापील मेनू नाही. सकाळी बाजारात काय मिळालं यावर दुपारचा फळा ठरतो आणि एक पातेलं संपलं की त्या ओळीवर काट मारली जाते. आम्ही बसलो तेवढ्यात दिवे गेले आणि काही क्षणांत परत आले. सरकारी वीज दिवसातले थोडेच तास असते, उरलेल्या वेळी गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून विकत घ्यायची. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

मालकीणबाई पन्नाशीच्या, माहेर बका खोऱ्यातलं. इंग्रजी बोलता बोलता फ्रेंचमध्ये शिरायच्या आणि परत यायच्या. आम्ही भारतातून आलोय, जन्मापासून शाकाहारी आहोत, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दूध-दही चालतं ना तुम्हाला?’ कारण त्यांच्या फळ्यावर पदार्थांचे दोन गट होते. एकात लबने, म्हणजे कापडात बांधून पाणी पूर्ण निथळवलेलं मीठ घातलेलं दही, आणि शंकलीश हे तिखट-झातरात घोळवलेलं मुरवलेलं चीज. दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या गटावर ‘सियामी’ असं लिहिलेलं, म्हणजे उपवासाचं.

हा उपवास नीट समजून घेण्यासारखा आहे. मॅरोनाइट पंथात तो राखेच्या सोमवारी सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत सुमारे सात आठवडे चालतो. परंपरेने मध्यरात्रीपासून भर दुपारपर्यंत काही खायचं नाही, आणि त्यानंतर जे खायचं त्यात मांस, अंडी, दूध, दही, चीज, लोणी काहीही नको. आपल्या एकादशीला धान्य आणि कडधान्य वर्ज्य असतं, दूध-दही चालतं. तिथे नेमकं उलट. दुभत्याचा सगळा आधार काढून घेतल्यावर सात आठवडे घर चालवायचं ते मसूर, छोले, वाल, गहू, रानभाज्या आणि ऑलिव्हच्या तेलावर. या सक्तीतूनच तिथल्या बायकांनी एक अख्खं स्वयंपाकशास्त्र उभं केलं.

त्यातला सर्वांत मोठा भाग म्हणजे ‘बिझेत’, तेलातल्या भाज्या. भाजी ऑलिव्हच्या भरपूर तेलात कांदा-लसणीवर मंद शिजवायची आणि निवू द्यायची. ती गरम खातच नाहीत. याचं कारण साधं आहे: मांसाची चरबी किंवा लोणी निवलं की थिजतं आणि जिभेवर बसतं, ऑलिव्हचं तेल घरातल्या उबेत पातळच राहतं. म्हणून सकाळी करून झाकून ठेवलेली भाजी दुपारी जास्त चांगली लागते, तोवर तेलात लिंबू आणि लसूण मुरलेली असते. शेतावर जाणाऱ्या बाईला ही सोय किती मोठी होती, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या टेबलावर पहिली आली ती हिंदबे. हा चिकोरीचा पाला, चवीला कडवट. उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळून घेतात, मग तेलात परततात. वर लांब चिरून गडद तपकिरी तळलेल्या कांद्याचा थर आणि लिंबाची फोड. कडू, गोड आणि आंबट या तिन्ही चवी एकाच घासात वेगवेगळ्या ओळखू येतात. बहीण पहिल्या घासाला ‘हीच ती’ म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. त्यामागून ओल्या बाकल्याच्या शेंगा आल्या, अख्ख्या सालासकट, कोथिंबीर आणि लसणीत शिजवलेल्या. त्या मार्चमध्ये कोवळ्या असतात, महिन्याभराने साल खाता येत नाही. अक्कूब नावाची काटेरी रानभाजीही होती. ती डोंगरउतारावर फक्त वसंतात उगवते, काटे एकेक करून कापून टाकावे लागतात, म्हणून महाग. तिचा देठाकडचा भाग मऊ आणि किंचित खमंग लागतो. बाजारात ही भाजी साफ करून विकणाऱ्या बाईचे हात पाहिल्यावर तिची किंमत कुणाला जास्त वाटणार नाही.

मुजद्दरा मात्र मी दोनदा मागून घेतली. तपकिरी मसूर, तांदूळ आणि कांदा, एवढंच साहित्य. मुहम्मद अल्-बग़दादी यांच्या १२२६ सालच्या पाककृतींच्या ग्रंथात ती मांस घालून सांगितली आहे. मांस वगळून उरली ती सामान्य माणसाची मुजद्दरा, आणि तीच टिकली. सगळी करामत कांद्यात आहे. तेलात तो जवळजवळ काळा होईपर्यंत नेतात, जळायच्या आत पाणी ओततात आणि ते गडद पाणीच मसुरात जातं. त्या रंगाने तांदूळ बदामी होतो आणि मसाला न घालताही चव खोल उतरते. मालकीणबाईंच्या माहेरी तांदळाऐवजी बुरगुल घालतात. बुरगुल म्हणजे गहू आधी उकडून, उन्हात वाळवून मग भरडलेला. सुगीनंतर गावात मोठ्या काहिलीत गहू उकडायचा आणि घरांच्या सपाट छपरांवर पसरून वाळवायचा, ही कामं त्यांनी लहानपणी केलेली. उकडलेला असल्यामुळे तो वर्षभर टिकतो आणि बारीक बुरगुल तर नुसता भिजवूनही खाता येतो. आपल्याकडचा दलिया कच्च्या गव्हाचा असतो, त्याने हे काम होत नाही. घरी तबूले करणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.

तबूलेबद्दल बोलायचं तर त्यात पार्सली हा मुख्य जिन्नस आहे, बुरगुल चिमूटभर. परदेशातल्या हॉटेलांत हे प्रमाण उलटं करून गव्हाची कोशिंबीर वाढतात. इथे स्वयंपाकघरात एक मुलगी पार्सली चिरत होती. जुडी धुऊन कापडावर पूर्ण कोरडी केलेली, डाव्या मुठीत घट्ट आवळलेली, आणि सुरी अशी धारदार की दाब न देता पात्यासारखी पातळ कातरण पडत होती. चिरलेल्यावर पुन्हा सुरी चालवायची नाही, नाहीतर पाला ठेचला जाऊन पाणी सुटतं आणि काळा पडतो. बुरगुल पाण्यात न भिजवता टोमॅटो-लिंबाच्या रसावरच फुलू देतात. जुलैचा पहिला शनिवार लेबनॉनमध्ये तबूलेचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. हुमूसच्या बाबतीत त्यांचा अभिमान याहून वरचा. मे २०१०मध्ये तिथल्या तीनशे आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हुमूसची परात भरून जागतिक विक्रम केला. देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणून वजनही तेवढंच धरलं.

जेवण आटोपल्यावर मालकीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. संध्याकाळसाठी द्राक्षपानांच्या वळकट्या चालू होत्या. मार्चमध्ये वेलींना पान नसतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यातली खारवलेली पानं आधी पाण्यात ठेवून मीठ उतरवलेलं. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागांत ही पानं कुणी खुडून खात नाही, इथे मात्र द्राक्षाइतकाच पानांचा मान. पान शिरांची बाजू वर करून पसरायचं, देठ खुडायचा, मधे कच्चा तांदूळ, टोमॅटो, पार्सली, पुदिना आणि लिंबाच्या सारणाची करंगळीहून बारीक ओळ घालायची, दोन्ही कडा आत मुडपायच्या आणि वळत न्यायचं. आवळून वळलं तर तांदूळ फुलल्यावर पान फाटतं, सैल वळलं तर सारण बाहेर येतं. पातेल्याच्या तळाशी बटाट्याच्या चकत्या, त्यावर वळकट्यांचे थर, वर उपडी बशी, म्हणजे उकळताना त्या तरंगून सुटत नाहीत. लिंबाचं पाणी आणि तेल ओतून तासभराहून जास्त मंद आच. वाढताना पातेलं थाळ्यावर पालथं घालतात. बहिणीने बसून चार-सहा वळल्या. मालकीणबाईंनी त्यातली एक उचलून बोटांत दाबून पाहिली, मान हलवली आणि पातेल्यात ठेवली.

त्या संध्याकाळचं सगळं आरक्षण आधीच भरलेलं होतं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला परत गेलो. मोठ्या टेबलावर एका ऑफिसचा गट होता, काही मुसलमान, काही ख्रिश्चन. एकीकडच्यांचा रोजा पावणेसहाच्या सुमारास सुटणार, दुसरीकडच्यांना मांस आणि दुभतं वर्ज्य. एरवीच्या हॉटेलात या महिन्यात ही मंडळी एका ताटातून जेवू शकली नसती. इथे बांग झाली, खजूर फिरले, द्राक्षाच्या काकवीचं गुलाबपाणी घातलेलं थंडगार जल्लाब आलं, आणि मग मसुराचं सूप आणि फत्तूश सगळ्यांनी मिळून घेतलं. मसुराचं सूप आणि फत्तूश हे इफ्तारचे ठरलेले पदार्थ, आणि त्यांत मांस किंवा दुभतं काही नसल्याने सियामीही तेच. रेस्टॉरंट शाकाहारी ठेवण्यामागे हा विचार होता का, असं मी मालकीणबाईंना विचारलं. ‘मला फक्त आईचं जेवण करायचं होतं,’ त्या म्हणाल्या, ‘हे लोकांनी शोधून काढलं. आता रमजानभर टेबल मिळत नाही.’

घरचं जेवण बाहेर वाढण्याची वाट बैरूतला एका उपक्रमाने दाखवली होती. कमाल मुझावक यांनी २००४मध्ये सूक अल्-तय्यिब हा शेतकऱ्यांचा बाजार सुरू केला आणि २००९मध्ये त्यातूनच तावलेत निघालं. तिथे रोज वेगळ्या गावची गृहिणी येऊन आपल्या भागाचं जेवण रांधते. गावच्या पदार्थालाही शहरात पैसे मोजून खाणारा माणूस आहे, हे तिथे सिद्ध झालं. या नव्या जागेने त्यातला फक्त शाकाहारी धागा उचलला आहे आणि तो पूर्ण निष्ठेने धरला आहे. माझ्या मते हे जास्त अवघड काम आहे. मांस नसलेल्या जेवणाला पुरेसा दाम मिळत नाही आणि मेहनत दुप्पट असते.

तेलाची गोष्टही इथेच सांगतो. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, आणि २०२४च्या नेमक्या त्या महिन्यांत युद्ध भडकलेलं. दक्षिणेतल्या कितीतरी गावांत झाडं उतरवताच आली नाहीत. या स्वयंपाकघरात तेल पिंपाने लागतं. मालकीणबाई दरवर्षी दक्षिणेतल्या एका नातेवाइकांकडून घ्यायच्या, त्या वर्षी उत्तरेतून, वाढीव भावाने घ्यावं लागलं. तरी सूर्यफुलाचं तेल त्यांनी दारात येऊ दिलं नाही.

इतरत्र जेवणाऱ्या शाकाहारी प्रवाशाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. हुमूसवर खिम्याचा थर घालून देण्याची पद्धत आहे. काही गावांत न्याहारीला मेंढीच्या चरबीत टिकवलेलं मांस, म्हणजे क़वर्मा, अंड्यात घालतात. चीजच्या विरजणाबद्दल काटेकोर असाल तर तेही विचारावं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘सियामी’ आहे का, असं विचारणं. उपवासाच्या दिवसांत बेकरीवालासुद्धा पालक-सुमाकाची त्रिकोणी फतायर किंवा झातरची मनूशे ही रोटी काढून देतो. या मनूशेला २०२३मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि सकाळी भट्टीतून निघालेली ती खाल्ली की त्या निर्णयाबद्दल शंका उरत नाही.

गोडाला मेग़ली होतं. तांदळाच्या पिठाची शहाजिरं, दालचिनी आणि बडीशेपेच्या जातीच्या अनीसची तपकिरी खीर, दुधाशिवाय, तासभर ढवळून घट्ट केलेली, वर भिजवलेले अक्रोड, बदाम आणि खोबऱ्याचा कीस. बाळ जन्मलं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही देतात. शेवटी ‘पांढरी कॉफी’ आली. त्यात कॉफी नसते, उकळतं पाणी आणि संत्र्याच्या फुलांचा अर्क, बस्स. इतक्या लसणीनंतर याहून चांगलं काही नाही. बिल डॉलरमध्ये, सुटे लिरामध्ये. २०१९पर्यंत डॉलरला १,५०७ लिरा मिळायचे, आता सुमारे ८९,५००. हॉटेलांच्या मेनूवरून लिरा गेला तो त्यामुळेच.

निघताना मालकीणबाईंनी एका पदार्थाचं नाव आवर्जून सांगितलं, कारण तो आम्हाला मिळणार नव्हता: किब्बेत अर्-राहेब, म्हणजे भिक्षूचा किब्बे. बारीक बुरगुल, पीठ आणि पार्सलीच्या सुपारीएवढ्या गोळ्या मसूर आणि चार्डच्या पाल्याच्या आंबट सुपात सोडून शिजवतात. हा गुड फ्रायडेचा पदार्थ. क्रुसावर येशूला आंबलेला द्राक्षरस पाजला गेला, त्या आठवणीने तो व्हिनेगर किंवा लिंबाने आंबट करतात. त्या दिवशी त्या एकच पातेलं चढवतात, तेही फक्त दुपारी. खायचा असेल तर ईस्टरच्या आदल्या आठवड्यात जावं आणि जागा फोन करून आधीच धरून ठेवावी.